धापूबाईंची साता

जुन्या जालन्यात कापडाची दुकानं संपून धान्याच्या आडती सुरू होतात, त्या बोळात धापूबाईंचं घर. वय एकाहत्तर. माहेर टेंभुर्णीचं, वडिलांचं किराणा दुकान. अठराव्या वर्षी सोहनलालजींशी लग्न होऊन त्या इथं आल्या, आणि तेव्हापासून 'दुखतंय' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. त्यांच्या नवऱ्यानेही नाही, आणि त्यांच्या नवऱ्याला तर घरातलं भांडं पडलं तरी दुकानात ऐकू येतं.

जैनांत एक रीत आहे. उपवास करणाऱ्याला भेटायला गेलं की विचारतात, "सुखसाता?" साता म्हणजे आराम, स्वस्थता. महिनाभर नुसत्या उकळलेल्या पाण्यावर असलेला माणूसही मान हलवून म्हणतो, "साता आहे." कुरकुर करून केलेली तपस्या कसली? धापूबाईंनी दोन वर्षीतप केले, म्हणजे वर्षभर एक दिवस जेवायचं आणि एक दिवस नाही. एकदा महिन्याचा उपवासही केला, आणि त्याही महिन्यात घरच्या अकरा माणसांचे फुलके स्वतः लाटले. हे सगळं मोठंच. पण बाईंनी ही रीत तपस्येपुरती ठेवली नाही. पापड तळताना तेल हातावर सांडलं, साता आहे. बाळंतपणात सुईण घाबरली, साता आहे. नवरा रागाने ताटावरून उठून गेला, तरी साताच.

अशा बाईचा डावा गुडघा गेल्या दिवाळीत बसला.

डॉक्टर म्हणाले, झीज आहे, आता खाली बसणं बंद. स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागेत, मागच्या भिंतीला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक ओळ आहे. गुडघे गेलेल्या बायका तिथं बसतात आणि बाकीच्या बायका त्या ओळीला 'बाल्कनी' म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं माहितेय? धापूबाईंनीच, दहा वर्षांपूर्वी, गुडघे धड असताना. आता त्यांनाच बाल्कनीचं तिकीट मिळालं.

पन्नास वर्षं त्यांनी रोज सामायिक केली होती. तोंडाला मुहपत्ती, लोकरीचं आसन, समोर वाळूचं घड्याळ, आणि अठ्ठेचाळीस मिनिटं कुणाला दुखवायचं नाही, काही मागायचं नाही, फक्त बसायचं. खुर्चीवर ते जमेना. पाय लोंबकळायचा, गुडघा ठणकायचा, आणि डोळे सारखे त्या वाळूवर जायचे, की संपली का, संपली का. वाळूकडे बघत बसणं म्हणजे सामायिक नव्हे, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी सुनेला, रूपलला, एकदाच सांगितलं, "संवत्सरीला मला खाली बसायचंय. तेवढं झालं नाही तर मी कुणाच्या लेखी धापूबाई राहिले नाही, माझ्या लेखी तर नाहीच."

संवत्सरी म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. संध्याकाळी तीन तास बसून वर्षभराच्या चुकांची उजळणी करायची आणि जगातल्या प्रत्येक जिवाची क्षमा मागायची. त्याला अजून नऊ महिने होते.

रूपल हुशार. तिने वाद घातला नाही, दैवशालाची माहिती काढली.

दैवशाला केदारखेड्याच्या पुंजारामची सून. नवरा अंगद पुण्यात वॉचमन होता तेव्हा ती एका योगकेंद्रात झाडलोट करायची. तिथं मलेशियाहून आलेली एक चिनी बाई शिकवायची. झाडून झालं की दैवशाला शेवटच्या ओळीमागे झाडू घेऊनच उभी राहायची आणि जमेल तसे हात हलवायची. बाईंनी तीन महिने बघितलं, चौथ्या महिन्यात झाडू काढून घेतला आणि पुढं उभं केलं. नऊ वर्षं शिकवलं. मग सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, दोघं गावी परतले. अंगद शेती बघू लागला, आणि दैवशाला रोज सकाळच्या एसटीने जालन्याला येऊन बायकांचा वर्ग घेऊ लागली. सोहनलालजींचा पुतण्या जिनेंद्र याच्या साड्यांच्या गोदामावर एक हॉल रिकामा होता, तिथं.

"चायनाचं?" धापूबाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याला चायनाचं काय कळणार?"

सोहनलालजी गादीवरूनच बोलले, "घरातला मोबाइल चायनाचा, दिवाळीच्या माळा चायनाच्या. एक व्यायाम आला तर कुठं बिघडलं?"

पहिल्या दिवशी दैवशालाने सगळं तिच्या भाषेत समजावलं. "तीन गोष्टी हायेत, मावशी. पयले यिन योग. त्यात काहीच करायचं न्हाई. अंगाखाली उशा लावायच्या अन् पाच-पाच मिन्टं नुसतं पडून ऱ्हायचं, सांधे आपोआप मोकळे होतेत. मंग चिगोंग. उभं राहून हात हळूहळू हलवायचे, पाण्यात हलवल्यावानी, अन् श्वास त्याच्यासंगं. अन् शेवटाला ध्यान. ताओवाल्यांचं, चिनी साधूंचं. बेंबीखाली तीन बोटांवर मन ठेवायचं. आतली ताकद तिथं साठती."

"आणि जोर?"

"जोर सत्तरच टक्के लावायचा. तीस टक्के हातचा ठेवायचा."

हे घरी कळल्यावर सोहनलालजी खूश झाले. "तीस टक्के सूट तर आम्ही फक्त आषाढ सेलमध्ये देतो," म्हणाले. धापूबाई हसल्या नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर शंभराला एकशेदहा दिले, तिला सत्तर टक्के ही आळशी माणसाची पळवाट वाटली.

तरीही वर्ग आवडला. काय आवडलं ते सांगायचं तर, तिथं कुणी घाई करत नव्हतं. पायांचे तळवे जुळवून, गुडघ्यांखाली उशा घेऊन पुढं वाकून पडायचं, आणि तिसऱ्या मिनिटाला कंबरेतलं काहीतरी आपणहून सुटायचं. हात वर नेताना छाती भरायची, खाली आणताना तळहातात ऊब उतरायची. उन्हाळ्यात एका रविवारी दैवशालाने सगळ्यांना बागेत बोलावलं आणि म्हणाली, चपला काढा, हिरवळीवर उभ्या राहा. धापूबाई फरशीच्या कडेला थांबल्या त्या थांबल्याच. हिरव्या गवतात जीव असतो, त्याच्यावर पाय कसा द्यायचा? दैवशाला बघतच राहिली. तिने लहानपणापासून रोजाने गवत उपटलं होतं, दिवसाला चार-चार वाफे. पण सगळ्यांना घेऊन फरशीवर आली आणि वर्ग तिथं घेतला. त्या दिवसापासून धापूबाईंना ती पोर आपली वाटायला लागली. वर्ग संपल्यावर बायका पांगल्या तरी या दोघी जिन्यात बोलत उभ्या असायच्या.

एकच भाग त्यांनी कधी केला नाही, तो शेवटचा. दैवशाला म्हणायची, डोळे मिटा, मनातल्या मनात हसा, आणि ते हसू आत न्या. काळजाला दाखवा, फुप्फुसाला दाखवा, लिव्हरला दाखवा. म्हणा, लई केलं तुम्ही माझ्यासाठी, उपकार झाले. धापूबाईंना हे ऐकून अक्षरशः कसंतरी व्हायचं. आपल्याच लिव्हरचे आभार? घरात कुणी कुणाला पाणी दिल्याबद्दल आभार मानत नाही, तिथं लिव्हरचे काय मानायचे! त्या तेवढा वेळ नवकार मंत्र म्हणत बसायच्या.

जूनमध्ये त्या घरी खाली आसनावर वीस मिनिटं बसल्या. रूपलने पेढे आणले. जुलैमध्ये तीस. खाली बसल्यावर जमिनीचा गारवा मांडीला लागतो, तो आठ महिन्यांनी लागला तेव्हा धापूबाईंचे डोळे भरून आले, आणि पदराने पुसताना त्यांनी दैवशालाला मनापासून आशीर्वाद दिला.

इथंच थांबल्या असत्या तर बरं होतं. पण संवत्सरी जवळ येत होती आणि तीन तासांचं गणित तिसात बसत नव्हतं.

यिन योगात एक आसन आहे, गुडघे मुडपून टाचांमध्ये बसायचं आणि पाठ हळूहळू मागं टेकायची. धापूबाईंसाठी दैवशालाने त्यात इतक्या उशा लावल्या होत्या की त्या जवळपास उभ्याच वाटायच्या. "दुखलं तर लगेच सांगा, आणखी एक लावू," असं ती रोज म्हणायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी ती दुसऱ्या बाईकडे वळली आणि धापूबाईंनी खालची एक उशी हळूच काढली. गुडघ्यात आग उठली. चांगलं आहे, त्यांना वाटलं. सोसलं की कर्म झडतं, लहानपणापासून हेच तर ऐकलं होतं. पाच मिनिटं उशांवर लोळून कुणाचं काय झडणार?

दैवशाला परत आली. "मावशी, दुखून राह्यलं का?"

"साता आहे."

ती घुटमळली. "बराबर सांगा. त्रास न्हाई ना?"

"सांगितलं ना बेटा, साता आहे."

दैवशालाला साता म्हणजे आराम एवढंच माहीत होतं. ती पुढं गेली. घरी जाऊन धापूबाईंनी तेच आसन एकही उशी न घेता केलं, एकशे आठ नवकार होईपर्यंत. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पलंगावरून उठता येईना. गुडघा खरबुजाएवढा सुजला होता. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं आणि दोन महिने जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलं.

बातमी कळली तशी दैवशाला एरंडाची पानं घेऊन घरी आली. दारात रजत उभा होता, धापूबाईंचा मुलगा. आईवर जीव असलेला माणूस आहे तो, पण राग आला की त्याला समोर कोण आहे ते दिसत नाही.

"तुमचे चायनाचे प्रयोग दुसरीकडं करा," तो म्हणाला. "माझ्या आईला पांगळं करून ठेवलं तुम्ही."

"भाऊ, मी दोनदा इचारलं हो त्यायला. त्या साता हाय म्हन्ल्या."

"म्हणजे चूक आईची? वा!"

आतल्या खोलीत धापूबाईंना सगळं ऐकू येत होतं. आतून एक शब्द पुरला असता. 'रजत, मी उशी काढली होती.' तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच राहिला. तो शब्द बाहेर पडला असता तर आपण तपस्या केली नव्हती, नुसती चोरून उशी काढली होती, हे कबूल करावं लागलं असतं. बाहेर दैवशालाने पानं उंबऱ्याशेजारी ठेवली आणि गेली. आठ दिवसांत बोळभर झालं की चिनी योगाने सेठाणीचा पाय गेला. बायका वर्गाला येईनाशा झाल्या. जिनेंद्रने हॉलमध्ये साड्यांचे गठ्ठे टाकले. दैवशालाची एसटी बंद झाली.

संवत्सरी आली. धापूबाईंना चौघांनी धरून स्थानकात नेलं आणि बाल्कनीत बसवलं. संध्याकाळी पाठ सुरू झाला. सात लाख पृथ्वीचे जीव, सात लाख पाण्याचे, सात लाख अग्नीचे, करत करत चौऱ्याऐंशी लाख योनींची क्षमा. तोंडपाठ होतं सगळं. मग खोटं बोलण्याचं पाप आलं. शेजारच्या बाईचा आवाज पुढं गेला आणि धापूबाईंचा अडकला. मुहपत्तीमागे ओठ हलेनात. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी वाळूकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा जैन समाज एकमेकांकडे क्षमा मागत फिरतो. रजत मोबाइलवर सकाळपासून चारशे जणांना एकच मेसेज पाठवत बसला होता.

"गाडी काढ," धापूबाई म्हणाल्या. "केदारखेड्याला जायचंय."

"आई, मी फोन लावून देतो ना."

"माझी चूक फोनवर झाली नव्हती. आणि जेव्हा बोलायचं होतं तेव्हा मी बोलले नाही. गाडी काढ."

वाटेत भोकरदन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी उभी होती. रजतने दोनदा विचारलं, काय झालंय. त्या म्हणाल्या, तिथं सांगते, दोघांना एकदाच.

पुंजाराम ओसरीत बाजेवर पडला होता. दैवशाला म्हशीला पेंढी टाकत होती. गाडी बघून तिने हात पुसले, पण पुढं आली नाही. धापूबाई काठी टेकत अंगण ओलांडून तिच्यापर्यंत गेल्या. वाटेत हिरवं गवत होतं. त्याला वळसा घालायला गुडघ्याने वेळ लावला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

त्यांनी हात जोडले. "बेटा, उशी मी काढली होती. तू दोनदा विचारलंस आणि दोनदा मी खोटं बोलले. रजत तुला बोलत होता तेव्हा आत बसून ऐकत होते. मिच्छामि दुक्कडम्."

रजतचा चेहरा उतरला.

दैवशाला लगेच विरघळली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. ती चिडली. "मंग तवाच का न्हाई बोल्ल्या, मावशी? अख्ख्या जालन्यात माझं नाव खराब झालं. नऊ वर्सं शिकून आल्ते मी. झाडू मारून शिकले. बाजारात बाया मला बघून रस्ता बदलू लागल्या." ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हशीची पेंढी सरळ करत राहिली.

रजत पुढं येऊन म्हणाला, "ताई, माझंही चुकलं. आत काय झालं ते न विचारताच बोललो तुम्हाला. बोळात सगळ्यांना मी स्वतः सांगेन. जिनेंद्रलाही."

बाजेवरून पुंजारामने तोंड वाकडं करत शब्द जुळवले. "पाहुण्यायला... बसायला द्या अगुदर."

दैवशालाने डोळे पुसले. घरात गेली, सगळ्या गोधड्या काढून आणल्या आणि ओसरीत अंथरल्या. धापूबाईंना आडवं केलं. डाव्या गुडघ्याखाली एक गोधडी घडी करून सरकवली. या वेळी ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, पायाच्या बोटांकडे बघत होती.

"माझंबी थोडं चुकलं, मावशी," ती म्हणाली. "तुमच्या पायाची बोटं आवळलेली व्हती त्या दिवशी. मी बघितलं व्हतं. तोंडाला इचारलं अन् पायाला इचारायचं राह्यलं. आता सांगा. दुखून राह्यलं का?"

रजत आईकडे बघत होता.

"हो," धापूबाई म्हणाल्या. "फार दुखतंय गं."

रजतने तोंड फिरवलं. दैवशालाने दुसरी गोधडी घडी केली आणि घातली. "आता?" "अजून थोडं." तिने तिसरी घातली. त्याच्यावर स्वतःची शाल. "आता?" धापूबाईंनी श्वास सोडला आणि मान हलवली. सत्तर वर्षांत त्यांना विचारणारे शेकड्यांनी भेटले होते. उत्तर ऐकून उशी वाढवणारी ही एकच. त्यांना तिचे पाय धरावेसे वाटले, पण पाय धरायला वाकणं आता हातात नव्हतं, म्हणून त्यांनी तिचा हात धरला, शेणामातीचा, आणि म्हणाल्या, "बेटा, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर." असं त्या आयुष्यात कुणाला म्हणाल्या नव्हत्या.

"शेवटचं करू या का?" दैवशालाने विचारलं. "जे तुम्ही रोज चुकवत व्हत्या ते?"

"तुला माहीत होतं?"

"ओठ हलायचे की तुमचे."

धापूबाईंनी डोळे मिटले. दैवशाला हळू आवाजात सांगत होती, काळजाला हसू दाखवा, फुप्फुसाला दाखवा. आज नवकार आठवला नाही. हसू खाली सरकत सरकत पोटात आलं, मांडीत आलं आणि त्या तीन गोधड्यांवर ठेवलेल्या सुजक्या गुडघ्यापाशी येऊन थांबलं. हाच तो. टेंभुर्णीतून वरातीबरोबर आलेला. अकरा माणसांच्या फुलक्यांपुढे बसलेला, रजतला मांडीवर घेऊन जागलेला, पन्नास वर्षं रोज अठ्ठेचाळीस मिनिटं मुडपून घेतलेला. एकदाही नाही म्हणाला नव्हता. म्हणाला असेल तर यांनी ऐकलं नव्हतं. चौऱ्याऐंशी लाख योनींची क्षमा त्या पन्नास वर्षं मागत आल्या होत्या, गवताची, मुंगीची, पाण्याच्या थेंबाचीही, आणि ज्याच्यावर बसून मागत होत्या त्याची एकदाही मागितली नव्हती.

डोळ्यांच्या कडेतून पाणी कानात गेलं. त्यांनी हात लांबवून गुडघ्यावर ठेवला, आजारी लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि रजतला, दैवशालाला, बाजेवरच्या पुंजारामला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाल्या, "खूप केलंस रे माझ्यासाठी. माफ कर. उद्यापासून आपण दोघं खुर्चीवर बसू."